तिघांनी सांगितलेली सुट्टी

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल तीनदा मोजल्याशिवाय पुढे सोडत नाही आणि बातमीही तिघांच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरी मानत नाही. याचा मला फार ताठा होता.

पर्मनंट व्हायला एकच दिवस उरला होता. सहा महिन्यांत एकही खाडा नव्हता. अशात संध्याकाळी कुरुळीच्या सलूनमध्ये बंटी माझ्या गालाला साबण लावत म्हणाला, "ज्ञानेशभाऊ, उद्या तुमची कंपनी बंद हाय ना?" मी नियमाप्रमाणे आणखी दोघांना विचारलं. आम्हाला टमटमने गेटवर सोडणारे सदाशिवभाऊ म्हणाले, "व्हय, मी गाडीच काढत न्हाई." डबा देणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, "बंदच हाय की." झाले तिघं. मी खुशीत सकाळचा गजर बंद केला.

मग डोक्यात किडा वळवळला. खराब माल सापडला की तो कुठून आला, हे आम्ही मागे मागे शोधत जातो. तसाच निघालो. बंटीला सदाशिवभाऊंनी सांगितलं होतं, सदाशिवभाऊंना सुमनताईंनी.

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं, ताई?"

"तूच की. सकाळी म्हणालास, उद्या डबा नको. सहा महिन्यांत एकदा तरी डबा चुकवलास का? म्हटलं, कंपनीच बंद असणार."

मी कपाळावर हात मारला. डबा नको होता, कारण पर्मनंट होणाऱ्यांना उद्या साहेब कँटीनमध्ये जेवण देणार होते. तिघांचं ऐकण्याच्या नादात मी तेच विसरलो होतो. गेटवर फोन लावला, जो सगळ्यात आधी लावायला हवा होता. वॉचमन म्हणाला, "कसली सुट्टी? सातला ये गुपचूप."

धावत सदाशिवभाऊंकडे गेलो. ते शांतपणे तंबाखू मळत होते. "चालू म्हणणारा तू एकटा. बंद म्हणणारे तिघं हायेत, राव." मी आईची शपथ घेतली, तरी ते हलेनात. सकाळी तेवढ्या लवकर दुसरी गाडी मिळत नाही. माझाच नियम माझ्या अंगाशी आला होता आणि मला खरोखर रडू येत होतं.

शेवटी सुमनताईंच्या दारात गेलो. वाद घातला नाही. "ताई, उद्या डबा लागेल," एवढंच म्हणालो.

खोलीवर पोचतोय तोवर फोन वाजला. "भावा, साडेसहाला तयार राहा," सदाशिवभाऊ म्हणाले. "पक्की खबर हाय, कंपनी चालू हाय."

दुसऱ्या दिवशी माझी हजेरी लागली आणि जेवण दोनदा झालं.