नवाचे चौऱ्याऐंशी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मिस्त्रींना महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी केली, तेव्हा त्यांनी नातीला एकच काम सांगितलं. "माझं गाव सांभाळ. आणि जमलंच तर एखादं पोर होतंय का बघ."

गाव म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ठोकळ्यांच्या खेळातलं गाव. हात थरथरायला लागल्यावर मिस्त्रींनी करवत-रंधा माळ्यावर टाकला आणि नातीने त्यांना हा खेळ शिकवला. दोन वर्षांत त्यांनी नऊ घरं बांधली. प्रत्येकाला खिडकी, पायरी आणि खाटेवर बेतून बसवलेलं ठेंगणं, नेटकं छत. ठेंगणं छत ही त्यांची जुनी खोड. उभ्या आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाची वीतभर जागा वाया घालवली नव्हती. या घरांत नऊ माणसं राहायची, लांब नाकाची, हात बाह्यांत खुपसून हिंडणारी. पोर व्हावं म्हणून पाव दिले की जोडप्याच्या डोक्यावर पत्त्यातल्यासारखे लाल बदाम उडायचे आणि लगेच विझायचे. जास्तीच्या खाटा टाकून पाहिल्या, तरी नवाचे दहा होईनात. मिस्त्रींनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. घर बांधलं आणि आत पोर नाही, तर ते गोदाम, असं ते म्हणायचे.

महिना संपला. दुपारची जेवणं झाली तशी नातीने स्वतःच खुर्ची ओढून दिली.

"आबा, चौऱ्याऐंशी!"

"काय चौऱ्याऐंशी?"

"लोकसंख्या. एखादं पोर बघ म्हणालात ना? मी घाऊकच काढली."

मिस्त्रींचा चेहरा फुलला. चष्मा पुसून ते गावात शिरले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पहिल्या घराचं दार सताड उघडं, आत खाट नाही. दुसऱ्यातही नाही. विहिरीपाशी दिवसभर नुसता उभा राहणारा हिरव्या डगल्यातला माणूस, ज्याला मिस्त्री रावसाहेब म्हणत, तोही जागेवर नव्हता. पायाखालून मात्र आवाज येत होता. हं… हं… हं… शंभर माणसांनी एकदम नाकं शिंकरावीत तसा.

"सगळे खाली आहेत," नात म्हणाली. "शिडी विहिरीमागे."

खाली लांबलचक बोगदा होता. दोन्ही बाजूंना एकेका ठोकळ्याचे कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात एक माणूस उभा, छातीशी त्याच्या धंद्याचं टेबल, पाठीशी भिंत. बसायला नाही की वळायला नाही. टोकाला काचेची खोली, तिच्यात रिकाम्या खाटांची रांग आणि एक जोडपं. त्यांच्यावर छतातून पाव पडत होते. पोर झालं की फटीतून पाण्यात पडायचं आणि पाणी त्याला वाहून हौदात नेऊन टाकायचं. हौदात वीसेक पोरं एकमेकांच्या अंगात घुसून उभी होती. डोकं कुणाचं, पाय कुणाचे, काही कळत नव्हतं.

मिस्त्रींच्या तोंडात कडू पाणी आलं. एकदा एका जुन्या कपाटाची मागची फळी काढली तर आत वाळवीचा जिवंत थर वळवळत होता, तेव्हा आलं होतं तसंच.

"हे काय केलंस गं?"

"वाढवलं गाव. बघा ना, किती पटापट होतात!"

"कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा मी याहून जास्त जागा सोडलीय."

"आबा, ती खरी थोडीच आहेत? नुसते आकडे आहेत."

"लाकूडही मेलेलंच असतं. म्हणून काही त्यावर कुणी थुंकत नाही. रावसाहेब कुठायत?"

"त्याला कुठलाच धंदा येत नव्हता. उगाच खाट अडवून बसलेला. डोंगरापाशी तो उकळता लाव्हा आहे ना, त्यात ढकलला."

"ढकललास."

"सेकंदाचं काम होतं, आबा."

नख कापल्यासारखं तिने ते सांगितलं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तोंडून नाही नाही ते गेलं असतं.

"आबा, डोळ्यांत थेंब घातले का?" आतून सून ओरडली.

"दिसत नव्हतं तेच बरं होतं!" मिस्त्री तिथूनच ओरडले. मग हलक्या आवाजात त्यांनी नातीला विचारलं, "माझ्या घरांत का होत नव्हती पोरं?"

"छतं," ती म्हणाली. "पोरं खाटेवर उड्या मारतात, म्हणून खाटेवर दोन ठोकळे मोकळे लागतात. तुम्ही एकच ठेवलेला. मी एका घराचं छत वर करून पाहिलं, शेजारचं तसंच ठेवलं. वर केलं त्यात झालं, शेजारी नाही. दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग बाकीची का नाही उचललीस?"

"तुम्ही बेतलेले सांधे बिघडले असते. ते एक छतही मी परत खाली घेतलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि इथे खाली कमी जागेत भागत होतं."

कमी जागेत. वीतभर न सोडायची ही अक्कल पोरीने कुणाकडून उचलली, ते विचारायची गरज नव्हती. मिस्त्रींना आता नुसत्या बोगद्याचीच नाही, वरच्या नऊ घरांचीही किळस आली. दोन वर्षं तेही खोकीच बनवत होते, फक्त खिडकीची.

त्यांनी पहिल्या कोनाड्याचं टेबल फोडलं. आतला माणूस हलला नाही. होता तसाच, हात बाह्यांत घालून, समोर बघत उभा.

"तसे नाही येत ते," नात पुटपुटली. "होडीत बसवून ओढत न्यावं लागतं. जमिनीवरून. आबा, चौऱ्याऐंशी आहेत! राहू द्या ना."

मिस्त्री आधी वर आले. पहिल्या घराचे वासे काढले, भिंती ठोकळाभर चढवल्या, छत परत ठेवलं. दुसऱ्या कुणाची टोपी घातल्यासारखं दिसू लागलं घर. कोपऱ्यात सांधा उघडा पडला. हाताखालच्या कुणी असं काम केलं असतं, तर मिस्त्रींनी त्याला तिथूनच घरी पाठवलं असतं. त्यांनी खाट टाकली, होडी केली, त्या पहिल्या माणसाला तिच्यात बसवून दोरीने वर ओढलं आणि कोरड्या गल्लीतून खरडत आणून घरात सोडलं.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोनाड्यात होता तसाच.

"दुसरा मी आणू?" नातीने माउसकडे हात नेला.

"हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाले आणि रिकामी होडी घेऊन विहिरीमागची शिडी उतरू लागले.