उजवं चाक डावीकडे

जव्हार संस्थानात मोटार आली तेव्हा तिच्यासोबत मुंबईचा एक ड्रायव्हरही आला होता. तो पहिल्याच पावसाळ्यात तापाने फणफणून परत गेला. दुसऱ्याने मोखाड्याचा घाट एकदा पाहिला आणि पोटदुखीचं निमित्त काढून पळाला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की या घाटात जन्म काढलेला माणूसच इथे हवा. तेव्हापासून संस्थानच्या मोटारीवर सुकऱ्या बसला.

सुकऱ्या वांगणीचा. बापाच्या मागोमाग बैलगाडी हाकत मोठा झालेला. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस अंगात खाकी कोट घालून मोटार हाकतो, याचं जव्हारच्या बाजारात आधी हसू झालं, मग कौतुक झालं. त्याची बायको हौशी तर पाण्याला मुद्दाम उशिरा जाऊ लागली, कारण तोवर विहिरीवर तिच्या नवऱ्याच्या गोष्टी ऐकायला माणसं जमलेली असत. वांगणीतल्या कुठल्याही घरात भांडण झालं तरी दोन्ही बाजू म्हणत, सुकऱ्याला येऊ दे, तो सांगेल तसं करू. मोटारीतल्या एका बैठकीने माणसाचं वजन किती वाढतं, ते सुकऱ्याने बघितलं होतं. ती बैठक जाईल या विचारानेच त्याची झोप उडायची.

मोटार ज्या कंपनीची, तिचा माणूस दर वर्षी पाऊस सरला की मुंबईहून येई आणि गाडी उघडून तपासून देई. संस्थानच्या कारभारीसाहेबांचा त्या कंपनीवर देवासारखा विश्वास. ज्याने घडवली त्यालाच तिचं दुखणं कळतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सुकऱ्याचा मात्र कंपनीवर काडीचा भरवसा नव्हता. मागल्या साली गाडी दुरुस्तीला मुंबईला नेली होती. परत आली तेव्हा मागचा एक टायर बदललेला, आपला चांगला काढून कुणाचा तरी झिजका बसवलेला, असं त्याने शपथेवर सांगितलं. कारभारीसाहेब हसले. टायरला काय तोंड असतं होय रे ओळखायला, म्हणाले.  पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि सुकऱ्या तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकू लागला.

यंदा कंपनीकडून देवराम मिस्त्री आला. वयाने झुकलेला, हाताचा कसबी आणि तोंडाचा आखडता. पहिल्या दिवशी जेवताना तेवढं बोलला, की कंपनीत आता सगळी तरणी पोरं भरली आहेत, म्हाताऱ्याला विसरायला होतं म्हणून हसतात, आणि जव्हारचं हे एक काम चोख होतं म्हणूनच मालकाने अजून ठेवला आहे. एवढं सांगून त्याने भाकरीत मान घातली.

सकाळी त्याने गाडी टेकूवर घेतली आणि चारही चाकं काढली. इथवर ठीक होतं. पण परत बसवताना त्याने पुढचं उजवं चाक मागे डावीकडे नेलं, मागचं डावं पुढे उजवीकडे आणलं, बाकीच्या दोघांचीही तशीच अदलाबदल केली. सुकऱ्या पुढे सरकून बघू लागला. उजव्या अंगाचा बैल डावीकडे जुंपला की तो काय करतो, हे वांगणीतलं शेंबडं पोर सांगेल. तो बिथरतो, आपल्या जुन्या अंगाला ओढत राहतो आणि गाडी दरीत घालतो. इतकी वर्षं उजवीकडे फिरलेल्या चाकाला उजवीकडचीच खोड लागलेली असणार, याबद्दल सुकऱ्याला तिळमात्र शंका नव्हती.

त्याने धीर करून विचारलं, की मिस्त्री, ही चाका इकडची तिकडं का?

"कंपनीची रीत आहे," देवराम मान वर न करता म्हणाला. "फडकं दे इकडे."

पुढची चाकं वळून वळून कडेला झिजतात, मागची ओढून ओढून मधे झिजतात, म्हणून जागा बदलली की सगळी सारखी झिजतात, हे त्याने सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आयुष्यभर ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याला सांगायची सवय कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी कारभारीसाहेबांना मोखाड्याला जायचं होतं, इंग्रजी हद्दीतल्या जंगल खात्याच्या साहेबाला भेटायला. सुकऱ्या उजाडायच्या आत मोटारखान्यात गेला. गाडी टेकूवर घेतली आणि चारही चाकं जिथली तिथे, जुन्या जागी आणून बसवली. मिस्त्रीचा लांब दांड्याचा पाना त्याच्या पेटीत कुलुपात होता. सुकऱ्याने आपल्या आखूड पान्याने जोर लावता येईल तेवढा लावून चाकं धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाक्या आवळल्या. चाक जमिनीवर टेकल्यावर त्या पुन्हा आवळाव्या लागतात, ते त्याला कुणी दाखवलं नव्हतं. बैल आपापल्या अंगाला लागले, म्हणून तो निर्धास्त झाला.

जाताना मोटार फार छान चालली. मिस्त्री गाडीची चाल बघायला पुढे सुकऱ्याशेजारी बसला होता आणि मागे कारभारीसाहेब. मिस्त्री समाधानाने मान डोलवत होता, आपण बदललेल्या चाकांनी गाडी कशी सुरेख धावते म्हणून. सुकऱ्याही मनातल्या मनात हसत होता, आपण परत बदललेल्या चाकांनी गाडी कशी सुरेख धावते म्हणून. दोघांच्या मधे बसून कुणी ऐकलं असतं तर त्याची छान करमणूक झाली असती.

परतीच्या वाटेवर, घाट लागता लागता, सुकऱ्याला पहिल्यांदा तो आवाज आला. पुढून, डाव्या अंगाने, खट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट, खट.

 आवाज कुठला आहे ते त्याला तत्काळ कळलं, आणि कुणाच्या हाताने झाला आहे तेही. त्याने वेग उतरवला. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी. खालच्या उतरणीवर नागली कापणारी माणसं ठिपक्याएवढी दिसत होती. थांबावं तर मिस्त्री उतरणार, चाकं बघणार आणि चोरी उघडी पडणार. न थांबावं तर चाक निखळणार. त्याने मनाशी बेत केला, की हळूहळू घाट उतरायचा, खाली सपाटीला लागल्यावर टायर बसल्याचं सोंग करायचं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत चाक्या आवळून टाकायच्या. एवढी चार वळणं निभली की झालं. आयुष्यात कधी नव्हे तो त्याने त्या वेळी वाघोबाला कोंबड्याचा नवस बोलला.

"कसला आवाज रे?" मिस्त्रीने विचारलं.

"खडी उडते," सुकऱ्या म्हणाला.

मिस्त्रीने पायाखालच्या फळीवर तळवा दाबून धरला. त्याला ते पटलं नसावं. दुसरं वळण आलं तेव्हा सुकाणू सुकऱ्याच्या हातात थरथरायला लागलं. तो ते एका बाजूला धरून होता आणि गाडी दुसऱ्या बाजूला, दरीकडे, ओढत होती. घामाने हात निसटत होते. मागे कारभारीसाहेबांना डुलकी लागली होती. तिसऱ्या वळणावर समोरून गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया वर चढताना दिसल्या. भाऱ्याखाली त्यांना धड समोरचं दिसत नव्हतं, आणि रस्ता तर एका गाडीपुरता. आता सोंगबिंग विसरून सुकऱ्याने पायाचा आणि हाताचा असे दोन्ही ब्रेक लावले. गाडी करकरत डावीकडे घसरली, काहीतरी मोडल्यासारखं वाजलं आणि मोटार एका कुशीवर कलून उभी राहिली. पुढचं डावं चाक आपल्या जागेवरून अर्धं बाहेर येऊन दरीच्या कडेवर लटकलं होतं. एकाच चाकीच्या आधाराने ते अडकून होतं. बाया भारे टाकून खाली पळाल्या.

कारभारीसाहेब कातळाच्या अंगाने उतरले. त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. सगळा राग मिस्त्रीवर निघाला. हाच का कंपनीचा भरवसा, हीच का तुमची तपासणी, आज आमची मढी खालून वर आणावी लागली असती, असं ते बोलत गेले. आजच मुंबईला कळवतो, म्हणाले, की हा माणूस पुन्हा कुठल्या गाडीला हात लावता कामा नये.

 देवराम मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसला. टायरवर कडेची झीज स्पष्ट दिसत होती, म्हणजे हे पुढचंच चाक, पुढेच राहिलेलं. त्याने मागे जाऊन दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. मग तो पुन्हा पहिल्यापाशी आला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

आता सांगेल, सुकऱ्याला वाटलं. आता बोट दाखवेल माझ्याकडे. त्याने डोळे मिटून घेतले.

"मी बदलली होती ना रे?" मिस्त्रीने त्यालाच विचारलं, अगदी हलक्या आवाजात. "तू होतास समोर. काल मी चाकं बदलली होती, का नुसती काढली आणि तशीच लावली?"

सुकऱ्याने डोळे उघडले. म्हाताऱ्याला त्याचा संशयच आला नव्हता. त्याला स्वतःचा संशय आला होता.

"मला तर आठवतंय बदललेली," मिस्त्री म्हणाला. "चाक्याही आवळलेल्या आठवतात. पण मग हे असं कसं?" तो कारभारीसाहेबांकडे वळला आणि हात जोडले. "साहेब, कळवा मुंबईला. पोरं म्हणतात ते खरं असेल. माझं डोकं गेलंय. आणखी कुणाला मारायच्या आत मी हे काम सोडलेलं बरं."

सुटका झाली होती. सुकऱ्याला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. हौशी उद्याही उशिरा पाण्याला गेली असती, वांगणीतली भांडणं उद्याही त्याच्यासाठी थांबली असती. त्याने गप्प राहायचा प्रयत्नही केला. पण म्हातारा आपले हात कोटाच्या खिशात कोंबत होता, जणू ते कुणाला दिसू नयेत. ते सुकऱ्याला बघवेना.

"चाका मी बदलली," तो म्हणाला. "आज पहाटे. मिस्त्रीनी नीट बसवली होती. मी काढून परत जुन्या जागी लावली. चाक्या मीच आवळल्या."

"का?" कारभारीसाहेबांनी विचारलं.

सुकऱ्याने बैलाचं सांगितलं. सांगताना त्यालाच ते ऐकवत नव्हतं. कारभारीसाहेब हसतील असं त्याला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

"खाली उतर," ते म्हणाले. "कोट काढून ठेव. आजपासून तुझा मोटारीशी संबंध नाही."

सुकऱ्याने कोट काढून बैठकीवर ठेवला. आत फाटकी बंडी होती. मिस्त्री एव्हाना कामाला लागला होता. त्याने पेटीतून लांब पाना काढला, सुकऱ्याला टेकू फिरवायला लावला, चाक सरळ केलं, चाक्या आवळल्या, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळल्या आणि मग उरलेली तिन्ही चाकं तशीच पक्की केली. कारभारीसाहेबांनी विचारलं, की आता भरवसा ठेवायचा का?

"चाकांवर ठेवा," मिस्त्री म्हणाला. "पण साहेब, मला हा घाट उतरवता यायचा नाही. हाकायला तोच लागेल."

कारभारीसाहेबांनी गाडीकडे पाहिलं, सुकऱ्याकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं. मग ते छत्री उघडून उतारावरून पायी चालू लागले.

सुकऱ्या बंडीवरच गाडीत बसला. शेजारी मिस्त्री बसला. कारभारीसाहेबांच्या मागोमाग, त्यांच्या चालीने, मोटार उरलेला घाट उतरू लागली. 

"राग आलाय मला तुझा," मिस्त्री शेवटी म्हणाला. "जीव घेतला असतास तिघांचा."

सुकऱ्याने मान हलवली.

"पण तू बोलला नसतास," म्हातारा म्हणाला, "तर मी उद्या घरी जाऊन हत्यारं विकली असती. आणि मरेपर्यंत मला वाटलं असतं, की माझेच हात खोटे."

सुकऱ्याला समोरचा रस्ता धड दिसेना. त्याने उलट्या हाताने डोळे पुसले आणि संस्थानची मोटार शेवटच्या वळणातून सावकाश खाली आणली.