एका रॉडचे जुने बोल्ट

सकाळी टेबल आवरताना मिस्त्रीच्या हाताला तेलाच्या ताटलीत दोन बोल्ट लागले आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली. दोन्ही कोरे करकरीत होते. परवा जुळवलेल्या इंजिनासाठी पाकिटात आठ आले होते, पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या चार कनेक्टिंग रॉडना दोन-दोन. म्हणजे एका रॉडला त्याने काढलेले जुनेच परत बसवले होते. हा बोल्ट कसताना ताणला जातो, म्हणून तो एकदाच वापरायचा. पुन्हा कसला तर कधी दगा देईल सांगता येत नाही. हे त्याने आजवर किती जणांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आणि परवा नवे-जुने एकाच ताटलीत टाकायचा आळस त्यानेच केला.

ते इंजिन आता त्याच्या मेहुण्याच्या लाँचमध्ये खाडी ओलांडत होतं. लाँचवर साठ माणसं होती आणि तिकिटं फाडायला मिस्त्रीची धाकटी बहीण.

मेहुणा फोन उचलेना. शेवटी बहिणीने उचलला. मिस्त्रीने काही न लपवता चूक सांगितली. ती म्हणाली, इथे इंजिन बंद केलं तर ओहोटी खडकांवर नेईल. नांगर टेकेल असं उथळ पाणी अजून दहा मिनिटांवर आहे.

“मग एकदम हळू घ्यायला सांग. आणि फोन इंजिनाजवळ धर.”

तो फोन कानाशी दाबून जमिनीवरच बसला. धडधड एकसारखी येत होती. मग तिच्यात एक बारीक टकटक मिसळली.

“दादा, वाजतंय. बंद करू?”

इकडे आड, तिकडे विहीर. बंद म्हणावं तर खडक. चालू म्हणावं तर बोल्ट तुटून रॉड इंजिन फोडून बाहेर यायचा. त्याने डोळे घट्ट मिटले.

“चालू ठेव. सगळ्यांना पुढच्या टोकाला ने. फोन तिथेच ठेव आणि तूही पळ.”

टकटक वाढत गेली. अचानक सगळंच थांबलं. तुटलं की बंद केलं, कळेना. तो बहिणीला हाका मारत राहिला, घसा बसला तरी. बऱ्याच वेळाने मेहुण्याचा आवाज आला. “नांगर टेकला,” एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दुपारी लाँच ओढून आणली. इंजिन उघडलं तर एक बोल्ट मधोमध ताणून बारीक होऊन तुटायच्या बेतात होता. मिस्त्रीने त्या रॉडचं बेअरिंग बदललं, आठच्या आठ बोल्ट नवे आणले. आटे पुसून तेल लावलं, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत सारखे कसले, मग डोक्यावर खूण करून प्रत्येकाला पाव फेरा दिला. मेहुणा समोर बसून एकेक बोल्ट बघत होता.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून सगळं पुन्हा तपासून घेतलं. बहिणीने ते दादाला फोनवर सांगितलं, अवघडत. तो म्हणाला, बरं केलं.