घरी कोण?

अर्धा राक्षस आणि अर्धी परी अशा माणसाची उंची किती धरायची, या प्रश्नाचं उत्तर ताईनं गेल्या बारा वर्षांत निदान चाळीस वेळा दिलं होतं. एक्केचाळिसाव्या वेळी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले आणि लॅपटॉपलाच विचारलं, "अरे, उंची हवीय कशाला तुला? दाराची चौकट बसवायचीय?" मग चष्मा चढवून तिनं निमूटपणे टाइप केलं: जे कूळ आधी लिहिलं असेल, त्याची उंची धरावी.

खेळ तिच्या धाकट्या भावाचा. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. गुहा, शाप, तलवारी, उडते सरडे, सगळं तोंडी. अडलं की फासे टाकायचे. पण गोष्टीत शिरण्याआधी प्रत्येकानं आपलं पात्र घडवायचं असतं. एक कागद आणि वीस गुण घ्यायचे, आणि ते गुण बळ, चपळाई, बुद्धी, धीर आणि नशीब यांत वाटून टाकायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला वीस गुण दिले की एकविसावा कुठून काढता येईल, याचाच विचार तो आधी करतो, आणि असे विचार करणारे सगळे ताईला ईमेल पाठवत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर धाकट्यानं तिचाच पत्ता छापला होता. "शंकांसाठी ताईला लिहा." विचारलं होतं का तिला? विचारण्याचं नाव नको. छापून झाल्यावर सांगितलं.

सकाळी दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसायचं, दुपारी घरी येऊन वडिलांचं करायचं आणि उरलेल्या वेळात राक्षसांच्या उंच्या मोजायच्या, असा तिचा दिवस. बारा वर्षांत तिनं स्वतःसाठी एकच नियम केला होता. उत्तरात 'शक्यतो' हा शब्द वापरायचा नाही. एकदा वापरला होता, "शक्यतो एकच शस्त्र घ्यावं" असं. त्या एका शब्दाच्या फटीतून लोकांनी तोफा आत आणल्या.

आज नव्या आवृत्तीसाठी वीस निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं चार वाजेपर्यंत पाठवायची होती. आणि पाच वाजेपर्यंत डोळ्यांच्या दवाखान्याला कळवायचं होतं, सतरा तारखेला येणार की नाही ते.

उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. डावा डोळा झाकून पाहिलं की शब्दाच्या मधलंच अक्षर गायब होई आणि खिडकीचा सरळ गज कंबरेत वाकलेला दिसे. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "दोनदा पुढे ढकललंत. आता तिसऱ्यांदा ढकललंत तर ऑपरेशन करूनही मी काही कबूल करणार नाही." ऑपरेशनचं एवढं काही नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवस मान खाली घालून पालथं पडून राहायचं होतं. आणि ती पालथी पडली तर अण्णांना उठवणार कोण, भरवणार कोण, रस्त्यावर निघाले तर हात धरून परत आणणार कोण?

धाकटा येणार होता. उन्हाळ्यात येणार होता, मग वर्षअखेरीला येणार होता, मग या महिन्यात तर नक्कीच. आज सकाळी आठला त्याचा फोन आला.

"ताई, या खेपेला नाही जमत गं. छपाई डोक्यावर बसलीय. पुढच्या महिन्यात बघतो ना मी. तुझं ते चेकअपच आहे ना?"

"हो," ताई म्हणाली.

"मग झालं तर. आणि ते वीस प्रश्न चारपर्यंत तेवढे दे. मला दाखवत बसू नको, तू पाहून घे आणि थेट पुस्तकाच्या मांडणीवालीकडे पाठव."

"बरं."

हे 'बरं' तिच्या तोंडात इतकं मुरलं होतं की ते बाहेर पडताना तिला कळतही नसे.

आता दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीत अण्णांचा रेडिओ कोणाला तरी हवामान सांगत होता. अलीकडे अण्णा शांत असत. पूर्वी दिवसातून दहा वेळा विचारायचे, "धाकटा कधी येतोय?" आणि दहाही वेळा तिला तेच उत्तर द्यावं लागे. महिनाभरात मात्र एकदाही विचारलं नव्हतं. रुसले असतील, असं ताईला वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. रोज दुसऱ्याच्या वतीनं सबबी सांगायच्या म्हणजे काय कमी काम असतं?

प्रश्न चौथा: फासा टेबलाखाली गेला तर? पुन्हा टाकावा. पाचवा: टेबलाखाली सहा पडले असतील तर? तरीही पुन्हा टाकावा. सहावा: बुद्धी एक असलेल्या पात्राला मंत्र येतो का? वाचता येत नाही, पाठ करता येतो. प्रश्न सातवा वाचून ती थांबली आणि तो तसाच सोडून पुढे गेली.

सातवा प्रश्न 'घरी कोण' या ओळीबद्दल होता. पात्राच्या कागदावरची ही सगळ्यात खालची ओळ. पहिल्यांदा खेळ याच टेबलावर खेळून पाहिला, तेव्हा धाकटा बावीस वर्षांचा होता आणि त्याचे वीर दार न लावताच मोहिमेवर निघायचे. ताई भांडी विसळता विसळता सहज म्हणाली होती, "आणि याच्या घरी कोण आहे?" धाकट्यानं टाळी वाजवली आणि ओळ घातली. पात्राच्या घरी कोणीतरी वाट पाहणारं हवं. मोहिमांच्या अधूनमधून त्याच्याकडे जाऊन यायचं. सलग तीन मोहिमा गेलं नाही तर घरचं माणूस पात्राला ओळखेनासं होतं. हे तिसरं वाक्य त्यानं भीती घालायला म्हणून लिहिलं आणि त्यावर दोघं पोट धरून हसली होती.

खेळाडूंना मात्र घरी जायचा कंटाळा. तक्रारी आल्या, तेव्हा धाकट्यानं सूट दिली: ओळ रिकामी ठेवा आणि दोन गुण जादा घ्या. झालं. त्या दिवसापासून या खेळातले सगळेच वीर अनाथ झाले. बारा वर्षांत हजारो पात्रं घडली असतील, पण घरी कोणी असलेलं पात्र औषधालाही सापडत नव्हतं.

आणि आता कोणीतरी एकानं ओळ भरली होती, तीन मोहिमा घरी गेला नव्हता आणि सातव्या प्रश्नात विचारत होता, गेलेली ओळख परत मिळवता येते का? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. धाकट्यानं तिथवर विचारच केला नव्हता.

साडेतीनच्या सुमाराला ती एकोणिसाव्या प्रश्नाशी आली. विचारणारीनं खाली इयत्ताही लिहिली होती, सातवी. "घरची ओळ रिकामी ठेवली की दोन गुण जादा मिळतात. ते येतात कुठून?"

ताईनं प्रश्न दोनदा वाचला. कोणालाच न पडलेला प्रश्न या पोरीला पडला होता. नेहमीचं उत्तर तयार होतं: ते जादा गुण आहेत, कुठून येण्याचा प्रश्न नाही. तिची बोटं ते टाइप करायला गेलीसुद्धा. पण 'कुठून' शब्दाच्या मधलं अक्षर तिला दिसेना. तिनं मान तिरकी केली, पडदा जवळ ओढला, आणि एकाएकी तिच्या मस्तकात सणक गेली. बारा वर्षांत असा राग तिला आला नव्हता. राग यायलाही वेळ लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

तिनं लिहिलं: हे दोन गुण घरातल्याच दुसऱ्या कोणाच्या तरी कागदावरून वजा होतात. कोणाच्या, ते खेळाडूनं त्या ओळीत नावानिशी लिहावं.

सातव्यापुढे 'उत्तर नंतर' असं लिहून तिनं फाइल मांडणीवालीकडे पाठवून दिली. धाकटा काही वाचणार नव्हता. तो कधीच वाचत नसे.

पण मांडणीवाली कामाची पक्की होती. बाराव्या पानावरच्या गुणांच्या तक्त्याशी एकोणिसावं उत्तर जुळेना, तेव्हा तिनं थेट धाकट्याला गाठलं. चारला दहा कमी असताना ताईचा फोन वाजला.

"ताई, एकोणीसचं काय केलंयस तू?"

"उत्तर दिलंय."

"अगं, पण असा नियम कुठाय? जादा म्हणजे जादा. ते कोणाकडून घ्यायचे नसतात."

"बारा वर्षं मलाही असंच वाटत होतं."

धाकटा हसला. "चिडलीयस होय! अगं, पुढच्या महिन्यात येतो की मी, शक्यतो पहिल्या आठव—"

"शक्यतो नको," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ऐक. माझं चेकअप नाहीये. उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय. सतराला ऑपरेशन आहे, आणि आता टाळलं तर डोळा गेला. पंधरा दिवस मला पालथं पडून राहायचंय आणि अण्णांपाशी कोणीतरी हवंय."

मग तो हळूच म्हणाला, "तू चेकअप म्हणालीस."

"म्हणाले. तुझं काम अडू नये म्हणून खोटं बोलले, ते चुकलंच माझं. पण तूही दुसरा प्रश्न विचारला नाहीस. साऱ्या जगाच्या शंका मी निस्तरते, आणि तुला मात्र माझी एक शंका आली नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी दमले रे. अण्णांना उठवून, बसवून, शोधून आणून, आणि त्यावर तुझ्या राक्षसांच्या उंच्या मोजून मी दमलेय."

"सोळाला येतो," धाकटा म्हणाला. "शक्य..." आणि स्वतःच थांबला. "सोळाला. संध्याकाळी. पंधरा दिवस राहीन."

"आणि छपाई?"

"ती मी बघेन. तक्ता बदलतो आजच. एकोणीसचं उत्तर तसंच राहू दे." मग त्यानं विचारलं, "अण्णा चिडलेत का माझ्यावर?"

"चिडले असतील. ये, म्हणजे होतील नीट."

तिनं फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. पण अंगात आनंदापुरतंही त्राण उरलं नव्हतं. पाचला वीस कमी असताना तिनं डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला आणि सांगितलं, सतरा पक्की. पलीकडच्या मुलीनं नोंद करून घेतली. सोबत कोण येणार, असं तिनं विचारल्यावर ताई म्हणाली, "भाऊ." हा शब्द किती दिवसांनी अशा कामासाठी वापरतेय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग चहा करून ती आत गेली. अण्णा खुर्चीत बसून शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालत होते. तिनं कप ठेवला आणि बटणं नीट लावू लागली.

"कोणाचा फोन होता?" अण्णांनी विचारलं.

"धाकट्याचा. सोळाला येतोय, अण्णा. चांगला पंधरा दिवस राहणार आहे."

अण्णांनी मान डोलावली. चहाचा एक घोट घेतला. मग जुन्या, अदबीच्या आवाजात विचारलं, "कोण धाकटा?"

ताईचा हात त्यांच्या शेवटच्या बटणावर तसाच राहिला.

"आपल्याकडेच उतरणार आहेत का ते?" अण्णा म्हणाले. "मग खोली झाडून ठेव बाई. परक्या माणसासमोर पसारा बरा दिसत नाही."

"ठेवते," ती म्हणाली.

ते रुसले नव्हते. महिनाभर ती ज्याला रुसवा समजत होती, सुटका समजत होती, ते हे होतं. धाकट्याला फोन करून सांगावं का? सोळापर्यंत सहा दिवस होते. सांगितलं तर तो सहा दिवस तिथे रडत बसेल. न सांगता आला तर दारातच कळेल. तिनं फोन उचलला आणि परत ठेवला.

बाहेर टेबलावर मांडणीवालीचा निरोप येऊन पडला होता: "ताई, तक्ता मिळाला. फक्त सातव्याचं उत्तर राहिलंय, तेवढं द्या, पान बंद करते."

ताईनं डावा डोळा उघडा ठेवून उजवा हातानं झाकला, म्हणजे अक्षरं निदान जागच्या जागी दिसत. प्रश्न पुन्हा वाचला. गेलेली ओळख परत मिळवता येते का?

तिनं लिहिलं: येते का ते फासे टाकून ठरत नाही. घरी जाऊन राहावं लागतं. किती दिवस, ते आधी सांगता येत नाही. जाताना आपलं नाव स्वतः सांगावं, आणि रोज सांगावं.

फाइल पाठवून ती उठली आणि खोली झाडायला झाडू शोधू लागली.