बिनफुग्याची नळी

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बाबांच्या गळ्यातली नळी बदलतात. सात महिन्यांपूर्वी, मेंदूच्या झटक्यानंतर, गळ्याला भोक पाडून ती बसवली. तेव्हापासून त्यांचा श्वास नाकातोंडाला न विचारता थेट छातीत जातो आणि आवाज वाटेतच राहतो. बाबा शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. नळीची पट्टी मानेमागे किती घट्ट बांधावी, हे मला परिचारिकेच्या आधी त्यांनीच शिकवलं. डाव्या हाताचं बोट पट्टीखाली सरकवून दाखवलं. एक बोट मोकळं. कॉलरचंही माप तेच.

आईची नजर काचबिंदूने नेली आहे. बाबा डाव्या हाताने पाटीवर वाकडंतिकडं लिहितात, ते तिला दिसत नाही. त्यामुळे पाटी वाचून तिला सांगायचं काम माझं. रांगेत कुणी पुढे घुसलं तरी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा मला दिवसभर बाबांच्या जागी, आईचा नवरा म्हणून बोलावं लागे. एकदा आई म्हणाली, "माझे डोळे गेले, यांचा आवाज गेला. वाटणी अगदी सारखी झाली म्हणायची." बाबांनी लिहिलं, तिला सांग, तिची जीभ वाटणीत आलीच नाही. मी वाचलं, बाबा म्हणतात, खरं आहे. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर मी त्यांच्या वाक्यांना सर्रास कात्री लावू लागलो. त्यांच्या चिडण्याला आणि मायेलाही. माया तर मला मुळीच मोठ्याने वाचता येत नसे.

त्यांच्या गळ्यातली आठ नंबरची नळी फुग्याची होती. फुगा आत फुगून श्वासनळी भरून टाकतो. लाळ खाली उतरत नाही, हवा वर कंठापर्यंत पोहोचत नाही. सात नंबरची, बिनफुग्याची नळी घातली तर तिच्या कडेने हवेला वाट मिळते आणि नळीच्या तोंडावर एक लहानसं झाकण बसवलं की माणूस बोलू शकतो. पण त्याच वाटेने लाळही खाली जाते. तिसऱ्या महिन्यात बाबांना न्यूमोनिया झाला होता, अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले होते. त्यानंतर नळी बदलायच्या प्रत्येक बुधवारी, बाबांना आत तपासत असताना, परिचारिका ताई मला दारातच विचारत, या खेपेला सातची बघायची का? मी म्हणे, पुढच्या महिन्यात. घरी मी हे कुणालाच सांगितलं नाही.

भीती हे कारण खरं होतं, पण एकटं नव्हतं. दर दोन तासांनी यंत्राने कफ ओढायचा, नळीच्या आतली सुटी नळी काढून ब्रशने घासायची, जाळीदार कापडाची घडी बदलायची. या साऱ्यात आवाज म्हणजे मला सांभाळायची आणखी एक वस्तू वाटत होती. मी इतका दमलो होतो, की बाबांचं गप्प असणं मला विश्रांतीसारखं वाटू लागलं होतं.

या बुधवारी आई हट्टाने बरोबर आली. खोलीत एक उंच खाट, भिंतीला टेकलेलं कफ ओढायचं यंत्र आणि स्टीलच्या ताटलीत पाकिटबंद नळ्या. ताई हातमोजे चढवत सहज म्हणाल्या, "काका, दादा दर वेळी नको म्हणतात. आज तरी बोलायची नळी घालून बघायची का?"

कसली नळी, म्हणून आईने विचारलं. ताईंनी सगळं समजावलं. आई मान खाली घालून ऐकत राहिली. मग माझ्या दिशेला वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चार महिने."

बाबांनी पाटी हातात घेतली. मला वाटलं, आता आई तोडून बोलेल. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"तू थकलायस, हे मला दिसत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "पण आमचं बोलणं तू किती दिवस स्वतःच्या अंगावर वागवणार, बाळा?"

डॉक्टरांना बोलावलं. नळीचा फुगा रिकामा करून बाबांच्या जिभेवर निळ्या रंगाचे थेंब टाकले. लाळ खाली उतरते का, ते यातून कळतं. थोड्या वेळाने कफ ओढला, तर त्यात फिकट निळी रेघ होती. दुसऱ्यांदा ओढला, तेव्हा नव्हती. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण पत्करता येईल एवढा. ताप आणि कफ यांवर लक्ष ठेवा. बिघडलं तर फुग्याची नळी परत घालू. सहीचा कागद त्यांनी सवयीने माझ्यापुढे धरला.

बाबांनी पाटीवर ठोकून आवाज केला. त्यांनी लिहिलं होतं, सात. खाली, सही मी करणार.

ती सही करायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

नळी बदलताना ते इतके खोकले, की मी सवयीने यंत्राकडे धावलो. ताईंनी हाताने मला मागे सारलं. झाकण बसवलं. आकडे मोजा म्हणाल्या. बाबांनी आकडे मोजले नाहीत. ते आईकडे वळले आणि ओल्या वाळूवर काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज आला.

"ऐकू येतंय?"

"अहो, हळू," आई म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे."

मग मला म्हणाली, तू जरा बाहेर बस. ताईंनी खुणेने सांगितलं, मी आहे इथे, आणि पाठ फिरवून सिंकमध्ये जुनी नळी धुऊ लागल्या.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दारातून शब्द येत नव्हते, नुसते दोन आवाज येत होते, एक खरखरीत, एक बारीक. एकदा खोकल्याची उबळ आली. मी उठलो, दाराच्या मुठीवर हात ठेवला. यंत्राची घरघर झाली, थांबली. मग बाबा पुन्हा बोलू लागले, बहुधा अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायला. यावर आई हसली की रागावली, ते भिंतीतून कळेना. मी हात काढून घेतला आणि परत बाकावर येऊन डोळे मिटले.