तिरकी बाजू

आर्णीजवळच्या एका शाळेत सुरभी गणित शिकवायची. दोन हजार पाचच्या जूनमध्ये, शाळेत खिचडी रांधणाऱ्या बेबीताई आणि त्यांची जाऊ रुपीबाई यांनी शेत निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरवलं.

"बाई, तुमीच मोजून द्या. तुमचं कायले चुकते!" बेबीताई म्हणाल्या.

सुरभीला ते सुखावून गेलं. नववीच्या मुली आणि टेप घेऊन ती शेतावर गेली. वरचा भाग ऐंशी मीटरचा चौरस, खाली नाल्याकडे त्रिकोण. आकार वेगळे करायचे, क्षेत्रफळं काढायची, बेरीज निम्मी करायची. तासाभरात झालं. त्रिकोण आणि त्याला लागून पंधरा मीटरचा पट्टा रुपीबाईंना, बाकी बेबीताईंना. मध्ये धुरा, म्हणजे बांध, पडला.

जानेवारीत तसाच आकार फळ्यावर होता. नववीतल्या नाजियाने त्रिकोणाची तिरकी बाजूच उंची धरली.

"अगं, उंची काटकोनात मोजतात!" सुरभी खेकसली आणि खडू हातातच राहिला. तिने स्वतः नाल्याच्या काठाकाठाने टेप धरली होती. शंभर मीटर.

शाळा सुटल्यावर तिने एकटीने जाऊन पुन्हा मोजलं. उंची साठच भरली. रुपीबाईंना आठ गुंठे कमी गेले होते.

चार दिवस ती स्वयंपाकखोलीवरून जायचं टाळत राहिली. पाचव्या दिवशी रुपीबाईंच्या घरी गेली. त्या ओसरीवर कापसातला कचरा निवडत होत्या. सुरभीने सगळं सांगितलं.

"मले वाटलंच होतं," रुपीबाई म्हणाल्या. "दोघींनी सारख्याच थैल्या आनल्या. माह्यं बियानं उरलं, तिले कमी पडलं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"शिकलेल्या बाईले चुकल्या कसं म्हनाव? मले वाटलं, आपल्यालेच पेरता आलं नसंल."

सुरभीला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी तिने बेबीताईंना सांगितलं. त्यांनी खिचडीचं पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाल्या, "धुरा सरकवू. पन औंदाचा तिच्या वाट्याचा कापूस तं मीच वेचला ना. आधीच कोनाले पुरला नाही, आता वापस कुठून देऊ?"



रविवारी धुरा दहा मीटर सरकला. सुरभीने त्याच मुलींना बोलावलं होतं. नाल्याकाठी उभं राहून तिने त्यांना आपली चूक दाखवली. रुपीबाईंनी सगळ्यांना चहा दिला. कप घेताना सुरभीला त्यांच्याकडे बघवलं नाही.