निसीमचा मासा

निसीमने सरलेल्या १९९२च्या कॅलेंडरच्या पाठीवर लांब आडवी रेघ ओढली, टोकाला डोकं काढलं आणि रेघेला दोन्ही बाजूंनी तिरके काटे जोडले.

"हा कुठला मासा?" त्याच्या बायकोने, जेरुशाने विचारलं. "पापलेट तर दिसत नाही."

निसीम हसला. तळोज्याच्या एका पंपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. हे चित्र त्याला तिथेच शिकवलं होतं. डोक्यात अडचण लिहायची, काट्यांवर कारणं, आणि प्रत्येक कारणाला ‘का?’ विचारत मुळाशी जायचं. पंप का गळतात ते असंच सापडलं होतं. आज त्याने डोक्यात लिहिलं, ‘दहा माणसं जमत नाहीत.’

पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, शुक्रवारी संध्याकाळी जेमतेम सात-आठ पुरुष यायचे. दहा असल्याशिवाय मृतांसाठीची कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. गेल्या वर्षी बायकोच्या स्मृतिदिनाला येहुदाकाका वाट पाहून तसेच घरी गेले होते. आता तो दिवस पुन्हा जवळ आला होता, तोही शुक्रवारीच.

"त्यात शोधायचं काय? सगळे इस्रायलला गेले," जेरुशा म्हणाली.

"गेले ते गेले. इथे आहेत ते का येत नाहीत?"

रविवारी त्याने सायकलवरून नवीन पनवेल पालथं घातलं. कुणाचे गुडघे दुखत होते, एकाने तर सरळ कंटाळा येतो म्हणून सांगितलं. पण बाकीच्यांचं म्हणणं एकच होतं: कंपनीची बस पोचते तोवर प्रार्थना आटोपलेली असते. मग वेळ इतकी लवकरची का? जुन्या मंडळींकडून कळलं, ती ठरली तेव्हा बहुतेकांची दुकानं पनवेलच्या बाजारातच होती. दुकानं गेली, वेळ तशीच राहिली.

विश्वस्तांनी थोडी कुरकुर केली आणि प्रार्थना तासभर पुढे नेली.

त्या शुक्रवारी कंपनीच्या बसने येणारे डबे हातात घेऊनच आले. तरी एक कमी होता. शेवटी कंटाळा येणारा गृहस्थ ओल्या केसांनी आत शिरला. बायकोने घरात बसू दिलं नाही म्हणाला. सगळे हसले.

येहुदाकाकांनी हळूच विचारलं, "पुरेत का रे?"

"पुरेत, काका. उठा तुम्ही."

ते बाक धरून उभे राहिले. पहिल्याच शब्दाला आवाज चिरकला. मग एकेक शब्द सावकाश उच्चारत ते म्हणत गेले. कुणालाच घाई नव्हती.

"आमेन," सगळे म्हणाले. वर बायकांच्या सज्जात जेरुशाही म्हणाली.